मेडिकलच्या मुलाखतीत नेमका नको तोच प्रश्न आला तर?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. इथे बरेच डॉक्टर आहेत हे माहीत आहे, म्हणून धागा काढतेय. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय. हातात पाच आठवडे आहेत. 'डॉक्टर का व्हायचंय' याचं उत्तर पाठ आहे (आणि ते पाठ आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं, पण ते नंतर बघू). धास्ती घेतलीय ती दुसऱ्याच प्रश्नांची.

माझ्या फाइलवर दोन डाग आहेत. पदवीच्या पहिल्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत उडाले, दुसऱ्या खेपेला पास झाले. त्यानंतर अख्ख्या एका वर्षाची गॅप आहे. कारण घरगुती.

काल मावसभावाने माझी खोटी मुलाखत घेतली आणि फोनवर रेकॉर्ड केली. 'केमिस्ट्रीत काय झालं?' एवढंच त्याने विचारलं. मी चार मिनिटं दहा सेकंद बोलले. मध्येच बदललेले सर, लॅबची वेळ, परीक्षेच्या आदल्या रात्रीचा ताप, सगळं बाहेर पडलं. रेकॉर्डिंगमध्ये माझ्यापेक्षा पेनाच्या टोपणाचा आवाज मोठा येतोय. टक्, टक्, टक्. उत्तर संपेपर्यंत मी टोपण काढत होते, लावत होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. गॅपचा प्रश्न आला तेव्हा मात्र टोपणही थांबलं आणि मीही.

अशा प्रश्नांना काय उत्तर द्यायचं? आणि विचारूच नये असं काही विचारलं तर?

पानगळ

वाचतोय. लेकीची पाळी पुढच्या वर्षी आहे.

खडूस परीक्षक

अकरा वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे बसलोय, तेव्हा जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट. फाइलमध्ये जे लिहिलंय ते आम्हाला माहीत असतं. काही कॉलेजांत मुलाखत घेणाऱ्यांना फाइल मुद्दाम दाखवत नाहीत, पण जिथे दाखवतात तिथे केमिस्ट्रीचा आकडा आम्ही तू आत यायच्या आधीच बघितलेला असतो. तरीही तुला बोलावलं, याचा अर्थ तो आकडा बोलावण्याच्या आड आला नाही. मग विचारतो कशाला? तर उद्या तुझ्या हातून औषधाचा डोस चुकला, तर वरिष्ठांना ते कशा शब्दांत सांगशील, याचा अंदाज घ्यायला. 'सर बदलले' हे उत्तर ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे 'नर्सने सांगितलं नाही' म्हणणारा इंटर्न उभा राहतो.

उत्तर तीन-चार वाक्यांचं असावं. काय झालं, त्यात माझं काय चुकलं, पुढे मी काय बदललं. उदाहरणार्थ: "पहिल्या वर्षी मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत नापास झाले. शाळेत पाठांतरावर निभावून जायचं, तसंच इथेही जाईल असं धरून चालले होते. दुसऱ्या खेपेला दर आठवड्याला गणितं सोडवून तपासून घ्यायला लागले आणि पास झाले. पुढच्या वर्षीच्या बायोकेमिस्ट्रीतही तीच पद्धत ठेवली." आणि मग थांबायचं.

थांबणं हाच सगळ्यात अवघड भाग. उत्तर संपलं की आम्ही कागदावर काहीतरी खरडत असतो, खोलीत चार सेकंद शांतता पसरते, आणि उमेदवाराला वाटतं की आपलं उत्तर पुरलं नाही. मग तो त्या शांततेत उडी मारतो. घात तिथे होतो. आदल्या रात्रीचा ताप तिथेच बाहेर येतो. त्या चार सेकंदांत मी बहुतेक वेळा फक्त तुझा नंबर नीट लिहितोय एवढंच असतं.

टोपणाचं पेन घरी ठेव.

पानगळ

परीक्षक साहेब, खडूस वाटत नाही तुम्ही.

खडूस परीक्षक

नाव विद्यार्थ्यांनी ठेवलंय. मी फक्त आयडीला वापरलं.

उंबरठा

मला एक मूलभूत शंका. आता सगळीकडे ते एमएमआय म्हणतात, त्यात एका खोलीत पाच-सात मिनिटंच असतात ना? मग डागांबद्दल विचारायला वेळ कुठे असतो?

सांजवारा

@उंबरठा, मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने काढलेली पद्धत, २००४ मध्ये त्यांनी त्यावर शोधनिबंध छापला आणि मग ती पसरली. मूळ कल्पना मेडिकलच्याच ऑस्की परीक्षेची (एकेका टेबलापाशी जाऊन प्रात्यक्षिक काम करून दाखवायची परीक्षा), जी रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत आणली. एका रांगेत दहा खोल्या, प्रत्येकीत वेगळा परीक्षक. दारावर प्रसंग लिहिलेला असतो, दोन मिनिटं वाचायला, आठ मिनिटं आत, घंटा झाली की पुढची खोली. कॉलेजागणिक खोल्या आणि मिनिटं कमीजास्त होतात.

यात फाइलचा प्रश्न आला तर एखाद्याच खोलीत येतो. बाकी खोल्यांत प्रसंग असतात, कुठे नट किंवा नटी बसवलेली असते आणि तिच्याशी बोलायचं असतं. जुन्या पद्धतीत एका परीक्षकाशी बिनसलं की अख्खी मुलाखत गेली. इथे एक खोली गेली तर नऊ शिल्लक राहतात, पुढच्या माणसाला मागचं काही ठाऊक नसतं. अट एकच, तुम्ही ते मागचं डोक्यात घेऊन पुढच्या दारात जायचं नाही. बोलायला सोपं आहे. माझ्या तिसऱ्या खोलीचा राग मला सहाव्या खोलीपर्यंत पुरला होता.

कडुलिंब

माझा विरोधी सूर नोंदवून ठेवतो. मुलाखत हा एक खेळ आहे, आणि त्यात जिंकण्याचा डॉक्टरकीशी काडीचा संबंध नाही. हे मी म्हणत नाही, ह्यूस्टनची गोष्ट म्हणते. तिथल्या टेक्सास विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने १९७९ मध्ये नेहमीप्रमाणे १५० मुलं निवडली. मग विधिमंडळाने ऐनवेळी आणखी ५० घ्यायला लावली. वरच्या क्रमांकाची मुलं तोवर दुसरीकडे गेली होती, म्हणून मुलाखतीत थेट तळाला गेलेल्यांतून ५० उचलली. त्यांतल्या बहुतेकांना दुसऱ्या कुठल्याच कॉलेजने घेतलं नव्हतं. पुढे दोन्ही गटांची तुलना केली: गळती, परीक्षा, वॉर्डातलं काम. दखल घ्यावी असा फरक नाही! १९८७ मध्ये जामा या नियतकालिकात आलंय.

आणि टोरांटोचं ऐका. रेडेलमायर आणि बॅक्स्टर यांनी तिथल्या विद्यापीठातल्या सुमारे ३,००० उमेदवारांच्या मुलाखतींचे गुण हवामानाशी ताडून पाहिले. पाऊस पडत होता त्या दिवशीच्या उमेदवारांना किंचित कमी गुण मिळाले होते. २००९ मध्ये छापून आलं. तेव्हा टोपण राहू द्या, छत्री बघा.

उंबरठा

छत्रीला +१

खडूस परीक्षक

@कडुलिंब, ह्यूस्टनचं मान्य. तो निबंध आमच्या प्रशिक्षणात वाचायला देतात, तो वाचून मला पहिल्या वर्षी दोन रात्री झोप नव्हती. पण तो सैल गप्पांच्या मुलाखतींबद्दल आहे. 'मुलगा बरा वाटला' असं म्हणून गुण द्यायचा तो काळ. एमएमआय आलीच त्यातून. तरीही तुमचं अर्धं म्हणणं खरं आहे. मुलाखत चांगली गेली म्हणजे माणूस चांगला आणि वाईट गेली म्हणजे वाईट, असं काही नसतं. अर्धविराम, हे तूही लक्षात ठेव. पण खेळ आहे म्हणून मैदानात उतरायचंच नाही असं तर नाही ना? जागा त्याच खेळातून मिळते.

पावसाचं मात्र मी सोयीस्करपणे विसरणार आहे.

सांजवारा

आता 'विचारू नये असं विचारलं तर' याकडे येते, कारण ते माझ्यावर गुदरलंय.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजचं नाव घेत नाही. तिघांचं पॅनेल होतं. मधल्या गृहस्थांनी फाइल मिटली, चष्मा काढला आणि अगदी मायेने विचारलं, "सर्जरीत जायचं म्हणतेस. मग लग्न-मुलंबाळं कधी करणार?" माझ्या उजवीकडच्या बाई खाली बघायला लागल्या. मी हसले. अक्षरशः खी खी करून हसले आणि म्हणाले, "बघू सर, अजून वेळ आहे." प्रवेश मिळाला. पण ते हसू मला आजही ऐकू येतं.

नंतर कळलं की अमेरिकेत शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धच्या १९७२ च्या टायटल नाईन कायद्याखालच्या नियमांत हे सरळ लिहिलंय: प्रवेशाआधी वैवाहिक स्थितीबद्दल विचारायचं नाही, अगदी 'मिस की मिसेस' एवढंही नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टप्रमाणे लिंग, गरोदरपण, अपंगत्व, धर्म यांवरून प्रवेशात भेदभाव करता येत नाही. पण कायदा माहीत असणं वेगळं आणि त्या खुर्चीत बसून तो आठवणं वेगळं.

आज मी काय म्हणेन? प्रश्नाच्या मागे जी शंका आहे, तिला उत्तर देईन. "ट्रेनिंग लांबलचक आहे, ते मी पूर्ण करीन का, असं तुम्हाला विचारायचं असेल तर हो. आत्तापर्यंत मी हातात घेतलेलं अर्धवट सोडलेलं नाही, उदाहरण देऊ का?" लग्नाबद्दल अवाक्षर नाही. आणि हसायचं नाही.

कडुलिंब

हे तर त्यांच्या सोयीचं झालं. सरळ सांगायचं, हा प्रश्न तुम्ही विचारू शकत नाही.

सांजवारा

सांगा ना. तुम्ही सांगू शकाल, कारण तुम्हाला तो कुणी विचारणारच नाही :)

गंमत सोडा. नकार देण्याचा हक्क शंभर टक्के आहे आणि जिला जमेल तिने जरूर द्यावा. "याचं उत्तर न दिलेलं मला बरं वाटेल, पुढचा प्रश्न घेऊ या का?" असं शांतपणे म्हणताही येतं. पण वीस-एकवीस वर्षांच्या मुलीने तीन अनोळखी मोठ्या माणसांपुढे, आयुष्याची जागा पणाला लागलेली असताना, कायद्याचं कलम काढावं ही अपेक्षा मी तरी करणार नाही. तिने आत निभावून न्यावं आणि बाहेर आल्यावर तक्रार करावी.

खडूस परीक्षक

तक्रारीबद्दल दोन शब्द. बाहेर आल्या आल्या प्रश्न जसाच्या तसा लिहून काढायचा, वेळ आणि खोली क्रमांकासकट. मग प्रवेश कार्यालयाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेल. निकालानंतर केलेली तक्रार आंबट द्राक्षांसारखी वाचली जाते, अन्याय आहे पण तसं होतं. त्याच दिवशीची तक्रार कार्यालयाला गंभीरपणे घ्यावी लागते, कारण त्यांना कोर्टाची भीती तुमच्यापेक्षा जास्त असते. माझ्या एका सहकाऱ्याला अशाच एका ईमेलनंतर पुन्हा कधी पॅनेलवर बोलावलं नाही.

आणि त्या खाली बघणाऱ्या बाईंबद्दल. आम्हाला आता शिकवतात की पॅनेलवरच्या दुसऱ्याने तिथल्या तिथे म्हणायचं, "हा प्रश्न सोडून देऊ, पुढे जाऊ." मी ते एकदा केलं आणि एकदा करायला हवं होतं तेव्हा केलं नाही.

मोरपीस

मी दुसऱ्या वर्षाला आहे, ताजा ताजा अनुभव सांगतो. नीतिमत्तेचे प्रश्न हमखास येतात. त्यासाठी चार तत्त्वं पाठ करा: ऑटोनॉमी (पेशंटचा निर्णय पेशंटचा), बेनिफिसन्स (त्याचं भलं करणं), नॉन-मॅलिफिसन्स (इजा न करणं), जस्टिस (सगळ्यांना न्याय). प्रत्येक प्रसंगाला लावायची, काम होतं.

खडूस परीक्षक

मोरपीस, तुझं काम झालं, अभिनंदन. पण माझ्यापुढे सकाळच्या सत्रात पंधरा उमेदवार हीच चार तत्त्वं दोनाचे पाढे म्हणावेत तशी म्हणतात, तेव्हा माझी अवस्था काय होत असेल? बीचम आणि चिल्ड्रेस यांनी १९७९ मध्ये ती मांडली ती विचाराला आधार म्हणून. विचाराच्या जागी ठेवायला नव्हे.

एक जुना, सगळ्यांना माहीत असलेला प्रसंग घेऊ: सकाळी वॉर्डात तुमच्या वरिष्ठांच्या तोंडाला दारूचा वास येतोय. तुम्ही काय कराल? दहातले आठ जण सुरू करतात, "यात एकीकडे सहकाऱ्याशी निष्ठा आणि दुसरीकडे नॉन-मॅलिफिसन्स..." एकदा एका मुलाने तोंड उघडलं आणि मलाच विचारलं, "ते आत्ता कुठे आहेत? पेशंटकडे निघालेत का?" मी म्हटलं, हो, राउंडला निघालेत. "मग आधी त्यांना बाजूला घेतो. म्हणतो की सर, तुमची तब्येत ठीक वाटत नाही, आज राउंड दुसऱ्या कुणीतरी घेऊ दे. ऐकलं नाही तर वॉर्डाच्या प्रमुखांना लगेच फोन. त्यांना मदतीची गरज असेल, पण ते नंतर." मी विचारलं, वास दारूचा नसेलच तर? डायबेटिसमध्ये कीटोन वाढले तरी तोंडाला वास येतो. तो जरा थांबला आणि म्हणाला, "मग तर राउंडला जाऊ न देणं आणखीच बरं."

एक तत्त्व उच्चारलं नाही आणि चारही तत्त्वं वापरली. पूर्ण गुण.

मोरपीस

दंडवत. मी त्या आठांतला होतो.

उंबरठा

आणि स्वतःची मतं विचारली तर? गर्भपात, इच्छामरण वगैरे. कुठल्या बाजूने बोलायचं?

खडूस परीक्षक

मत असू शकतं, आणि ते माझ्या मताच्या उलटही असू शकतं. गुण मताला नसतात. तुला ज्याचं मत पटत नाही तो पेशंट म्हणून समोर आला तर त्याला तुझ्याकडून काय मिळेल, हे आम्ही बघतो. म्हणजे समजा, धर्मश्रद्धेमुळे रक्त न घेणारा, 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचा माणूस. तो सज्ञान आहे, शुद्धीत आहे आणि परिणाम समजून 'नको' म्हणतोय, तर उत्तर जवळजवळ ठरलेलं आहे, त्याचा नकार पाळायचा. त्याच्या जागी त्याचं सहा वर्षांचं मूल असेल तर उत्तर बदलतं, तिथे कोर्टाचा आदेश घेऊन रक्त देतात. आणि पंधरा वर्षांची मुलगी असेल तर? ब्रिटनमध्ये १९८५ च्या गिलिक खटल्यापासून सोळाच्या आतली मुलंही, पुरती समज असेल तर, उपचाराला स्वतः संमती देऊ शकतात. पण जीव वाचवणारा उपचार नाकारण्याची बाब तिथली न्यायालयं वेगळी धरत आली आहेत. वय बदललं की उत्तर का बदलतं, हे सांगता आलं म्हणजे झालं. खटल्याचं नाव आठवलं नाही तरी चालेल.

पानगळ

आणि एखादी गोष्ट माहीतच नसेल तर? लेकीला 'माहीत नाही' म्हणायची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटते.

सांजवारा

तिला सांगा, पहिल्या वर्षीच्या रेसिडेंटने 'माहीत नाही, विचारून सांगते' म्हणणं ही वॉर्डातली सगळ्यात सुरक्षित गोष्ट असते. 'माहीत नाही, पण अंदाज करायचा तर असा करीन' याला तर कित्येकदा बरोबर उत्तराइतकेच गुण मिळतात.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. केमिस्ट्रीचं उत्तर आता ३५ सेकंदांचं झालंय. टोपण नसलेलं पेनही आणलंय.

पण गॅपचं जमत नाहीये. 'आईच्या आजारपणामुळे' असं उत्तर तयार केलं. पाच वेळा रेकॉर्ड केलं, पाचही वेळा अडखळले.

सांजवारा

बाळा, एक विचारू? राग मानू नकोस, आणि उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पहिल्या पोस्टमध्ये तू 'घरगुती कारण' म्हणालीस. केमिस्ट्रीवर परिच्छेद लिहिलास आणि वर्षभराच्या गॅपवर दोन शब्द. आई आजारी होत्या की आणखी काही होतं?

अर्धविराम

(दोन दिवस विचार करून लिहितेय.)

आई ठणठणीत आहे. मीच आजारी होते. डिप्रेशन. सात महिने औषधं आणि थेरपी. आता औषधं बंद होऊन दीड वर्ष झालं, डॉक्टरांच्या सल्ल्याने. हे सांगितलं तर मला कोण डॉक्टर करेल? म्हणून आईला आजारी पाडलं. आईला माहीत आहे, तीच म्हणाली, माझं नाव सांग.

पानगळ

आईला नमस्कार सांग.

कडुलिंब

माझं ऐकशील तर काही सांगू नकोस. हे लोक कितीही सुधारले तरी कुठेतरी ती नोंद राहते. 'वैयक्तिक कारण' म्हण आणि गप्प बस.

खडूस परीक्षक

कडुलिंब म्हणतात ती भीती खोटी नाही, आमच्या पेशातही या आजाराबद्दल अजून बरंच अज्ञान आहे. म्हणून नीट सांगतो.

तुझा आजार कॉलेजला सांगायला तू मुलाखतीत बांधील नाहीस. अमेरिकेत १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टच्या कलम ५०४ खालच्या नियमांनुसार प्रवेशाआधी अपंगत्वाबद्दल विचारताच येत नाही, आणि त्यात मानसिक आजारही येतो. ब्रिटनमध्ये तब्येतीची चौकशी निवडीपासून वेगळी ठेवतात, ती ऑक्युपेशनल हेल्थ विभाग करतो. तिथला फॉर्म मात्र खरा भरायचा. तिथे लपवणं हा आजारापेक्षा कितीतरी मोठा गुन्हा धरला जातो.

न सांगणं चालतं. खोटं सांगणं चालत नाही. आईचा आजार म्हटलास की समोरचा सहानुभूतीने पुढचा प्रश्न विचारणार: कसला आजार? तू काय काय करायचीस? त्यातून काय शिकलीस? आणि मग तू एक अख्खं घर रचत बसणार. अडखळतेस ते उत्तर अवघड आहे म्हणून नाही. ज्या सिनेमाची गोष्ट सांगतेस तो तू पाहिलेलाच नाही म्हणून.

मी तुझ्या जागी असतो तर एवढंच म्हटलं असतं: "त्या वर्षी माझी तब्येत बरी नव्हती. उपचार घेतले, पूर्ण केले, आणि परतल्यावर पूर्ण अभ्यासक्रम घेऊन या वर्षांचे गुण मिळवले." आजाराचं नाव घ्यायचं की नाही ते त्या क्षणी तू ठरव. कुणी खोदलंच तर, "तपशील मला खासगी ठेवायला आवडेल, पण त्याने आता कामात अडथळा येत नाही."

सांजवारा

अगदी. आणि यातली 'उपचार घेतले' ही दोन अक्षरं तुझ्या बाजूची आहेत, ती गाळू नकोस. आजारी पडल्यावर मदत घेतलेला डॉक्टर मला वॉर्डात हवा आहे. न घेतलेले पाहिलेत मी.

कडुलिंब

ठीक आहे, 'तब्येत' चालेल. माघार घेतो. पण अर्धीच.

अर्धविराम

(साडेतीन आठवड्यांनी)

झाली एकदाची! आठ खोल्या होत्या. गोपनीयतेच्या कागदावर सही केलीय त्यामुळे प्रसंग बदलून सांगतेय.

चौथ्या खोलीत गॅपचा प्रश्न आला. इथल्या खडूस परीक्षकांच्याच शब्दांत उत्तर दिलं आणि थांबले. समोरच्या बाई लिहीत होत्या. भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, मी अकरा सेकंद मोजले. काही बोलले नाही! मग त्या म्हणाल्या, "बरं. पुढे." बस्स. ज्यासाठी महिनाभर झोप उडाली होती, ते एका मिनिटात आटपलं, आणि उरलेला वेळ आम्ही मी शिकवते त्या मुलांबद्दल बोललो.

वाट लागली ती सहाव्या खोलीत. तिथे एक नट बसलेला होता. समजा, माझ्या गाडीखाली त्याचं मांजर आलंय आणि ते मला त्याला सांगायचंय. (मांजर नव्हतं. पण मांजर समजा.) मी दारातूनच "आय ॲम सो सॉरी" सुरू केलं. तो माणूस खरंच रडायला लागला आणि मी, सांजवारा ताई, मी हसले. तेच तुमचं खी खी. मग घाबरून नुकसानभरपाईबद्दल बोलायला लागले. मांजराची नुकसानभरपाई!

निकाल काल आला. वेटिंग लिस्टवर आहे.

पानगळ

वेटिंग लिस्ट हलते. आमच्या पुतण्याला वर्ग सुरू व्हायच्या आठवडाभर आधी फोन आला होता.

सांजवारा

ते हसू भीतीचं असतं ग, बऱ्याच जणांना येतं. "माफ करा, मी घाबरलेय, म्हणून हसू आलं" असं म्हणून टाकायचं तिथल्या तिथे. नट असो की खरा माणूस, समोरच्याला कळतं.

कडुलिंब

पाऊस होता का त्या दिवशी?

अर्धविराम

रिमझिम होता :(

खडूस परीक्षक

अकरा सेकंद! माझ्यापुढे कुणी सहाच्या वर गेलेलं नाही.

सहाव्या खोलीचं एक सांग. नुकसानभरपाईवर जायच्या आधी तू त्याला काही विचारलंस का? मांजराचं नाव वगैरे?

अर्धविराम

नाही.